वाकून काम करणाऱ्याची टोपी वाऱ्यात टिकवायची कशी

मिरगाच्या आधी वारा सुटतो आणि माझ्याकडं टोप्या यायला लागतात. बेळगावात वडगावला, येळ्ळूर रोडच्या बाजूला माझं शिलाईचं दुकान आहे. झंपर, परकर, शाळेचे गणवेश हे बारा महिने चालतंच, पण जून ते ऑगस्ट मशिनीच्या कडेला रुंद काठाच्या हॅटांचा ढीग पडलेला असतो. येळ्ळूर, धामणे, मजगाव, अनगोळकडच्या बायका शेताला जाता जाता टाकून जातात. "काकी, हिला दोरी लावून ठेवा, सांजच्याला नेतो."

एका हातानं टोपी धरायची आणि दुसऱ्या हातानं खुरपं चालवायचं, अशी भांगलण होत नाही. रोपलावणीला तर एका हातात रोपांची पेंडी आणि दुसऱ्या हातात रोप. टोपी धरायला तिसरा हात कुठला आणायचा? म्हणून ती आपली आपण डोक्यावर राहिली पाहिजे. मी ती कशी बसवते ते इथं सगळं लिहिते. मशीन नसलं तरी हातशिलाईनं होतं.

आधी वाऱ्याची चाल समजून घ्या, कारण पुढची सगळी मापं तिच्यावरच ठरतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कणकुंबी, जांबोटीच्या अंगानं येतो आणि आमच्या उघड्या शिवारात त्याला अडवायला फारसं काही नसतं. तिकडं सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हा वारा टोपीला वरून ढकलत नाही, काठाखाली शिरून उचलतो. तीन इंच काठाची हॅट धरा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून काठाखाली शिरला, तर पुढच्या अर्ध्या काठावर साधारण पावणेदोनशे ग्रॅमचा उचल बसतो. गवती हॅटचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ती जाणारच. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा उचल दुप्पट होत नाही, चौपट होतो. वळवाच्या आधी जो अचानक झोत येतो, त्यात हलकीच काय, जाड कापडी टोपीसुद्धा जाते ती त्यामुळं.

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर आहे असं धरा. लहान झाडं अख्खी डुलायला लागली की ३० च्या पुढं. मोठ्या फांद्या हलू लागल्या की ४० च्या वर. पहिल्या पायरीला नुसती नीट मापाची टोपी टिकते. दुसरीपासून दोरी लागते.

आता मुख्य गोष्ट. बाजारात दोरी लावलेल्या हॅट मिळतात, त्यांना कानाच्या बरोबर वर एकेक भोक असतं आणि त्यातून दोरी हनुवटीखाली येते. समुद्रावर फिरायला गेलेल्या, उभ्या माणसाला ती पुरते. पण आमच्याकडं टोपी घालून माणूस उभा कुठं असतो? तो वाकलेला असतो. उभं असताना वारा पुढच्या काठाखाली शिरतो. वाकलात की मागचा काठ वर येतो आणि मागून येणारा वारा तिथं शिरतो. रोपं लावताना आपण पाठीमागं सरकत जातो, बांधाला पोचलो की वळतो, म्हणजे ओळीओळीला वाऱ्याची बाजू बदलते. दोन्ही बाजूंना एकेकच दोरी असली की टोपी त्या दोन बिंदूंवर पुढं नाहीतर मागं कलंडते. दोरी कितीही आवळा, ते थांबत नाही. उलट गळ्याला काच बसतो आणि बायका वैतागून दोरी सोडून टाकतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक बाजूला एक नाही, दोन दोऱ्या: एक कानाच्या पुढं, एक कानाच्या मागं, आणि दोन्ही कानाच्या पाळीखाली एकत्र. सायकलच्या हेल्मेटचे पट्टे बघा, ते असेच कानाभोवती दुभागलेले असतात आणि त्याचं कारणही हेच आहे. पुढचा काठ उचलला तर पुढची दोरी धरते, मागचा उचलला तर मागची.

पण दोरीच्या आधी टोपीचं माप बघायचं. टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवा. बायकांचा आंबाडा असेल तर तो टेपच्या वर राहील की खाली, हे आधी ठरवा आणि शेतात जसा बांधता तसाच बांधून माप घ्या. टोपी या मापापेक्षा अर्धा इंच मोठी असेल तर ठीक. त्याहून सैल असेल तर आतल्या घाम टिपायच्या पट्टीत नाडी ओवा. मागच्या बाजूला पट्टीला दोन लहान काजं करा, सेफ्टी पिन लावून पातळ नाडी फिरवून आणा आणि मागं गाठ मारा. आपल्या कँपात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दिसतात ना, त्यांच्या बेरेटच्या कडेत अशीच नाडी असते, ती ओढून टोपी डोक्याच्या बेतानं आवळतात. ही नाडी टोपी जागेवर बसावी एवढीच आवळायची. कपाळावर वळ उठला तर ती जास्त झाली. वारा थांबवायचं काम तिचं नाही, ते दोरीचं.

आता सामान. तीन मिलिमीटर जाडीची गोल लेस, पॉलिस्टर नाहीतर नायलॉनची, प्रत्येकी २४ इंचाचे दोन तुकडे. पाऊण इंच रुंदीची मऊ सुती पट्टी, अर्धा मीटर. टिचबटणं, तीन-चार जोड. थोडं जाड कापड, जुन्या जीनचं असलं तर उत्तम. गणपत गल्ली, खडेबाजार भागात शिलाईच्या सामानाच्या दुकानांत हे सगळं मिळतं आणि खर्च किरकोळ येतो. लेस सुती घेऊ नका. पावसात सुती दोरी भिजली की आखडते, वाळली की सैल पडते, आणि रोज नव्यानं बेतावी लागते. हनुवटीखाली मात्र सुतीच पट्टी हवी, कारण नायलॉन घामात कातडीला घासतो. दोन्हींचं काम वेगळं आहे म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवायच्या.

टोपी डोक्यावर घाला आणि दुसऱ्या कुणाला तरी खडूनं खुणा करायला सांगा. कानाच्या पुढं दोन बोटं अंतरावर एक, मागं दोन बोटांवर एक, दोन्ही बाजूंना तशाच. खुणा काठ जिथं उभ्या भागाला मिळतो तिथं, शिलाईच्या अगदी लगत, काठाच्या बाजूनं करायच्या. काठाच्या बाहेरच्या कडेला भोकं पाडलीत तर दोरी ओढली की काठ दोन्ही कानांवर मुडपून येईल. ऊन अडवायला कुणाला तसं आवडतं, पण मग बाजूचं दिसत नाही. बांधावरून चालताना आणि रस्ता ओलांडताना ते बरं नाही.

कापडी हॅटला आयलेट, म्हणजे भोकाची धातूची कडी, ठोका, नाहीतर काज घाला. मला हातानं घातलेलं काजच आवडतं, कारण आयलेटची कडा लेस कापते आणि वर्षभरात ती गंजते. काज घालण्याआधी खुणेच्या दोन्ही बाजूंना जीनचे रुपयाएवढे गोल तुकडे टीप मारून बसवा. गवती हॅटला मात्र भोक पाडायचंच नाही. एक काडी तुटली की विण सुटत जाते. जाड सुई दोन काड्यांच्या मधून घाला, वर-खाली कापडाचे तुकडे हातशिलाईनं बसवा आणि लेस त्या कापडांतून ओवा, म्हणजे ताण गवतावर येत नाही.

आता लेस ओवा. एक तुकडा घ्या, पुढच्या भोकातून खालून वर काढा, टोपीच्या उभ्या भागाला लागून मागं न्या आणि मागच्या भोकातून खाली सोडा. दोन्ही टोकं खाली लोंबतील. टोपी घालून ती दोन्ही टोकं कानाच्या पाळीखाली एक बोट अंतरावर एकत्र धरा आणि साधी गाठ मारा. गाठ मारताना सरळ उभं राहू नका, थोडं वाकून मारा. दोन्ही लेसा सारख्या ताठ आहेत का बघा. पुढची ढिली वाटली तर गाठ थोडी पुढं घ्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि मग दोरी असूनही टोपी कलंडते. वरून जाणारी लेस, दोन भोकांच्या मधली, टोपीला पक्के टाके घालून शिवून टाका. ती मोकळी राहिली तर पुढचा काठ उचलला जाताच मागची लेस भोकातून पुढं सरकते. म्हणजे दोन दोऱ्या असूनही त्या एकाच दोरीसारख्या वागतात आणि आपण केलेलं सगळं फुकट जातं. भोकाच्या अगदी लगत, दोन्हीकडं तीन-तीन टाके. दुहेरी दोरा घ्या.

गाठीखालची टोकं इंचभर ठेवून कापा, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन वितळवा म्हणजे उसवत नाहीत. डाव्या गाठीखाली अकरा इंचाची सुती पट्टी जोडा, उजव्या गाठीखाली तीन इंचाची. लेसची टोकं पट्टीच्या घडीत घालून चौकोनी टीप मारा आणि मधून फुली. डावी पट्टी हनुवटीखालून उजव्या गालापर्यंत येते आणि तिथं टिचबटणानं जोडली जाते.

टिचबटणच का? कारण टोपीची दोरी वेळ आली तर सुटलीच पाहिजे. ती एखाद्या फांदीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कडीत, चालत्या गाडीच्या आरशात अडकली, तर टोपी जाऊ दे, मान राहिली पाहिजे. गाठ सुटत नाही. बेल्टची बकल सुटत नाही. म्हणून गाठीची दोरी गळ्याखाली बांधून मी कुणालाच देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

पण टिचबटण कसं लावता यावर ते सुटणार की नाही हे ठरतं. शर्टाच्या बटणपट्टीत एक थर दुसऱ्यावर चढवतात, तसं लावलंत तर ओढ बटणाला आडवी बसते आणि आडव्या ओढीला टिचबटण लई घट्ट धरतं. इथं तसं नको. नमस्काराला तळवे जोडतो तशा दोन्ही पट्ट्यांच्या सुलट्या बाजू समोरासमोर आणायच्या आणि बटणाचे दोन भाग आत लावायचे. टोकं अर्धा इंच बाहेर लोंबत राहतात. मग पट्टीला ओढ बसली की दोन्ही थर एकमेकांपासून सोलल्यासारखे वेगळे होतात आणि बटण सुटतं. लोंबणारी टोकं धरून घरी सोडायलाही सोपं. डाव्या पट्टीवर एकेक इंचावर बटणाचे तीन भाग बसवा, म्हणजे टॉवेल गुंडाळून त्यावर टोपी घातली तरी बेत जुळतो. घातल्यावर पट्टी आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

मग पारख करा. टोपी डोक्यावरून काढा, बटण लावा, पट्टीची एक बाजू खिळ्याला अडकवा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली बांधा. अर्धा लिटर भरलेल्या बाटलीला बटण टिकलं पाहिजे. दोन लिटरच्या बाटलीला सुटलं पाहिजे. ओढ दोन्ही गालांकडच्या पट्ट्यांत वाटली जाते, म्हणून अर्धा लिटर पेलणारं बटण टोपीवरचा किलोभर उचल धरतं. वर जो हिशेब सांगितला त्यानं ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्याला उचल पाऊण किलोच्या आत राहतो. एवढ्या वाऱ्यात शेतात थांबायचं नसतंच. दोन लिटरला बटण सुटलं नाही, तर लहान नंबरचं लावा. ही पारख केल्याशिवाय टोपी वापरायला काढू नका.

तरीही काही ठिकाणी ही टोपी घालायचीच नाही. मळणी मशीन, कडबाकुट्टी, पॉवर टिलर, गुऱ्हाळातला चरक, आमच्या वडगावातले यंत्रमाग. फिरत्या पट्ट्याजवळ, फिरत्या दांड्याजवळ लोंबणारं काहीही नको, टिचबटणाचंसुद्धा नको. तिथं टोपी काढून खुंटीला लावा आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधून टोकं आत खोचा. मोटारसायकलवर हेल्मेटच. टोपी पाठीवर लोंबत ठेवून गाडी चालवू नका, ती वाऱ्यानं फुगते आणि पट्टी गळ्यावर ओढते. डिकीत नाहीतर पिशवीत टाका.

लहान मुलांच्या टोपीला गळ्याखालून काही नाही. मंगाईच्या जत्रेत घेतलेली टोपी असली आणि पोर रडत असलं तरी नाही. मुलं झाडावर चढतात, घसरगुंडीवर खेळतात, दोरी कुठंही अडकते. त्यांना मागच्या अर्ध्या घेरात इलॅस्टिक घालून द्या.

आता कॅप आणि गांधी टोपी. यांना काठच नाही, नाहीतर पुढं एक जीभ, म्हणून हनुवटीखालची दोरी यांना शोभतही नाही आणि लागतही नाही. इथं टोपी डोक्यावरून निसटली तरी गटारात जाऊ नये एवढंच बघायचं. इंग्लंडमध्ये जुन्या काळी पुरुष हॅटची बारीक दोरी कोटाच्या काजात अडकवत, त्याच तऱ्हेची. बारा इंच लेस घ्या. एक टोक टोपीच्या मागं आतल्या पट्टीला शिवा. दुसऱ्या टोकाला ओळखपत्राच्या पट्ट्याला असते ती क्लिप लावा आणि ती मानेमागं कॉलरला चिमटवा. मध्ये एक टिचबटण, वर सांगितल्यासारखंच.

गांधी टोपीची आणखी एक गोष्ट. खळ घालून कडक इस्त्री केली की ती आतून गुळगुळीत होते आणि डोक्याला तेल असेल तर सरकतेच. पुढच्या आतल्या बाजूला, कपाळाला लागते तिथं, फ्लॅनेलची अर्धा इंच पट्टी हातशिलाईनं लावा. ती वरून दिसत नाही, खळही धरत नाही. संकेश्वर, निपाणीकडच्या पाहुण्या मामांना मी अशा टोप्या करून दिल्या आहेत. वाऱ्याच्या दिवशी स्टँडवर उतरतानाही त्यांचा हात टोपीवर जात नाही.

ज्यांचे केस लांब आहेत त्यांना अजून एक सोय आहे. टोपीच्या आत, आंबाड्याच्या दोन्ही बाजूंना रिबनचे दोन छोटे फास शिवा आणि त्यांतून आकडे घालून केसांत खोचा. पूर्वी युरोप-अमेरिकेत बायका मोठमोठ्या हॅटा अशाच लांब पिनांनी केसांत अडकवत. त्या पिना इतक्या लांब आणि टोकदार झाल्या की गर्दीत लोकांना लागू लागल्या, आणि शिकागो शहरानं १९१० मध्ये नऊ इंचांहून लांब पिनांवर बंदी घातली. आपल्याला साधे आकडे पुरतात. पण हा उपाय चालण्या-फिरण्यापुरता. दिवसभर वाकून काम करताना केस ओढले जातात आणि डोकं दुखतं.

काठ फार मऊ असेल तर पुढच्या भागात बकरमचा, म्हणजे कडक अस्तराचा, थर घाला, कारण फडफडणारा काठ वाऱ्याला आपणहून आत घेतो. आणि एकाच बाजूनं वारा खात दिवसभर बसायचं असेल, म्हणजे रस्त्याकडेला रताळी, भाजी घेऊन बसणाऱ्यांसारखं, तर त्या बाजूचा काठ वर दुमडून टोपीला टिचबटणानं चिकटवा. कर्नाटक पोलिसांच्या शिपायांची २०२५ पर्यंत अशीच एका बाजूनं दुमडलेली हॅट होती, तुम्ही चौकाचौकात बघितली असेल. तेवढा काठ वाऱ्याच्या वाटेतून जातो. ऊन त्या बाजूनं नसेल तरच करा.

धुताना बटणं उघडी ठेवा. घामाच्या खारानं लोखंडी टिचबटण एका पावसाळ्यात गंजतं. गंजलेलं बटण एक तर सुटतच नाही, नाहीतर धरतच नाही. पितळी किंवा प्लॅस्टिकचं लावा. शेतातली तांबडी माती बटणाच्या खाचेत बसते, ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा. दर मिरगाला, टोपी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा, पाण्याच्या बाटलीची पारख पुन्हा करा आणि भोकाजवळची लेस बोटानं चाचपून बघा. तिथं केस निघाल्यासारखं लागलं तर तेवढी बाजू बदला. दुसऱ्या बाजूची लेस चांगली असली तर तिला हात लावायची गरज नाही.